चष्म्यांचं कपाट

शिर्डीतल्या ज्या हॉटेलात मी रिसेप्शनला होतो, ते नूतनीकरणासाठी बंद झालं. मालक म्हणाले, "परत उघडलं की मेंटेनन्सला माणूस लागेल. हाताचं काही काम येतं का?" मला येत नव्हतं. पुणतांब्याला आमच्या घरी पिढ्यानपिढ्या भिक्षुकी. धातूशी आमचा संबंध पळी-पंचपात्रापुरता, तोही तांब्याशी. म्हणून मी घोडेगावला मामाकडे राहायला गेलो आणि जवळच्या एका प्रशिक्षण केंद्रात धातुकामाच्या तीन महिन्यांच्या वर्गात नाव घातलं.

वर्गात आम्ही वीस जण. एकोणीस पुरुष आणि पंचेचाळिशीच्या एक ताई. ताईंची शेती होती, गोठ्यात सहा म्हशी होत्या आणि गोठ्याचं फाटक सारखं निखळायचं. दुरुस्तीवाला तीन-तीन आठवडे "उद्या येतो" म्हणायचा. त्याला कंटाळून त्या स्वतःच शिकायला आल्या होत्या. मी कोणत्या घरातला हे कळल्यावर त्यांनी मला "गुरुजी" म्हणायला सुरुवात केली, आणि तेच नाव पडलं.

शिकवणारे सर खरोखर चांगले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मूठ नसलेली कानस उचलून दाखवली. "हिचं हे टोक तळहातात घुसतं. मूठ बसवल्याशिवाय हात लावायचा नाही. लोखंडाचा कीस तोंडानं फुंकायचा नाही. ड्रिलवर हातमोजे नकोत, ग्राइंडरवर चष्मा हवाच." मग माझ्या शर्टाच्या गळ्यातून डोकावणाऱ्या जानव्याकडे त्यांचं लक्ष गेलं. "ते आत घाला. ड्रिल सोवळं-ओवळं बघत नाही, सगळंच गुंडाळून घेतं."

"सर, पन चष्मे कुठं हायेत?" ताईंनी विचारलं.

सरांनी कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाकडे पाहिलं. कपाटाला कुलूप होतं आणि त्यावर चिठ्ठी डकवलेली होती: 'सुरक्षा साहित्य. हात लावू नये.'

आत वीस कोरे चष्मे होते. वापरले की त्यांच्यावर ओरखडे पडतात, आणि तपासणीला ओरखडे पडलेले चष्मे चालत नाहीत, म्हणून ते वापरायचे नाहीत. केंद्राच्या भांडारपालांनी हे इतक्या शांतपणे समजावलं, की क्षणभर मलाही पटलं. ताईंना पटलं नाही.

"इथनं जवळच दाराला कुलूप नसलेलं गाव हाय," त्या म्हणाल्या, "अन् हितं चष्म्याला कुलूप!"

सरांनी ग्राइंडर बंद ठेवला आणि आम्हाला अर्ज करायला सांगितलं. अक्षर बरं म्हणून अर्ज मी लिहिला. पहिला परत आला, कारण मी जिल्ह्याचं जुनं नाव लिहिलं होतं. दुसरा परत आला, कारण नवं नाव मी बरोबर लिहिलं होतं, पण केंद्राचा शिक्का जुन्या नावाचा होता. तिसऱ्यावर शेरा आला: 'चष्म्यांची गरज का आहे, याचं समर्थन जोडावं.' आम्ही लिहिलं की डोळे आहेत. तेवढं पुरेसं ठरलं नाही.

यात दीड महिना गेला. तोवर आम्ही कानस चालवत होतो. पट्टी काटकोनात आणायची, गुण्या लावून उजेडाकडे धरायची, फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायची. माझ्या पट्टीतून इतका उजेड यायचा, की ताई म्हणायच्या, "गुरुजी, खिडकी केली का काय?"

मग माझी चूक झाली. सर तपासणीच्या पूर्वतयारीच्या बैठकीला गेले होते. माझ्या छिन्नीचं डोकं ठोकून-ठोकून पसरलं होतं आणि तसं डोकं घासून काढायचं, हे सरांनीच शिकवलं होतं. दोन मिनिटांचं काम. मी ग्राइंडर सुरू केला.

डोळ्यात काहीतरी टोचलं. मी चोळणार, तेवढ्यात ताईंनी माझी दोन्ही मनगटं धरली. "चोळू नको! अजाबात चोळू नको!" पहिल्यांदाच त्या मला गुरुजी म्हणाल्या नाहीत. त्यांनी त्यांच्या स्कूटीवर मागे बसवून मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बुबुळावरचा लोखंडाचा कण सुईच्या टोकानं काढला. "अजून थोडा आत असता तर मी काही करू शकलो नसतो," ते म्हणाले. दोन दिवस डोळ्यावर पट्टी होती, आणि त्या दोन दिवसांत मी सारखा दुसरा डोळा झाकून पाहत होतो, की तोही गेला असता तर काय दिसलं असतं. वडिलांचा फोन आला. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मंत्र चुकला तर परत म्हणता येतो रे."

केंद्रात परतलो तेव्हा भांडारपालांनी माझ्या हातातलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "वा! आता समर्थन झालं!" त्यांनी ते अर्जाला टाचलं आणि त्याच दिवशी मंजुरी आली.

किल्ली मात्र आली नाही. आधीच्या भांडारपालांची बदली झाली होती आणि किल्ली त्यांच्याबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात गेली होती. त्यांना फोन केला, तर त्यांनी तत्परतेनं किल्लीचा फोटो पाठवला.

दुसऱ्या दिवशी तपासणी होती. प्राचार्य स्वतः कार्यशाळेत आले. "ग्राइंडरनं कुलूप कापा!"

ताई ग्राइंडरसमोर उभ्या राहिल्या. "चष्मा कुठाय?"

"कपाटात आहे!"

"मंग आधी चष्मा, मंग ग्राइंडर."

"अहो, चष्मा काढायलाच तर ग्राइंडर लावायचाय!"

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. शेवटी सरांनी माझ्या हातात हॅक्सॉ दिला, हातानं चालवायची लोखंड कापायची करवत. कुलपाचं लोखंड इतकं कडक, की ब्लेड नुसतं घसरत होतं. मग लक्षात आलं, कुलूप कशाला कापायचं? कपाटाची कडी मऊ लोखंडाची आहे. तासाभरात कडी कापली गेली. प्लास्टिकच्या पिशव्यांत वीस चष्मे निघाले. रबरी पट्टे वाळून कडकड मोडत होते. ताईंनी बाजारातून नाडीचं इलॅस्टिक आणून सगळ्यांना शिवून घातलं.

"कपाटाला कडी नसेल तर शेरा येईल," प्राचार्य म्हणाले. म्हणून दुपारी मी नवी कडी केली. पट्टी कापली, व्हाइसमध्ये धरून वाकवली, भोकं पाडली, कडा घासल्या. चष्मा लावून. ती बसेना, पुन्हा घासली, मग बसली. मी आयुष्यात केलेली ती पहिली उपयोगाची वस्तू.

तपासणी अधिकाऱ्यांनी दोन शेरे लिहिले. 'चष्म्यांचे मूळ वेष्टन फाटलेले आढळले.' आणि 'कपाटाची कडी सुबक आहे.'

त्यांची गाडी फाटकाबाहेर पडताच भांडारपाल नवं कुलूप घेऊन आले. "चष्मे जमा करा."

सर मान वर न करता म्हणाले, "ते प्रशिक्षणार्थ्यांच्या नावावर नोंदलेत. परत घ्यायचे तर अर्ज लागेल. समर्थनासह."

भांडारपालांनी थोडा विचार केला. किती कागद लागतील हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. ते कुलूप घेऊन निघून गेले.

वर्ग संपला. ताईंनी आधी स्वतःचं फाटक केलं, मग शेजाऱ्यांची. आता रस्त्याकडेला त्यांची शेड आहे आणि बाजाराच्या दिवशी जनावरं घेऊन आलेले लोक त्यांच्याकडे गव्हाणी सांगून जातात. माझं हॉटेल उघडलं आणि मी मेंटेनन्सला लागलो.

गेल्या महिन्यात त्या घरच्यांना घेऊन शिर्डीला आल्या होत्या. मी जिन्याला बसवलेला कठडा त्यांना मोठ्या कौतुकानं दाखवला. त्यांनी त्याच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं, थांबल्या आणि बोट माझ्यापुढे धरलं.

"धार राह्यलीय, गुरुजी. एखाद्या लेकराचा हात कापंल."

सगळे दर्शनाला पुढे गेले. मी कानस आणायला गेलो.