नाझिशचा शुक्रवारचा दवाखाना

नाझिशला सगळ्यात आधी डॉक्टर म्हणालो तो मी. थट्टेत. कॉलेजात जाऊन तिला जेमतेम तीन आठवडे झाले होते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे सांगताना मला अंग काढून घेता येणार नाही. त्यात मी चांगला पटाईत आहे.

तिचे वडील जैनुद्दीन आमच्या कंपनीत स्टोअरकीपर. श्रीवर्धनकडचा माणूस, बहारीनमध्ये बावीस वर्षं झाली, इथल्या सनद भागात आमच्या वरच्याच मजल्यावर राहतो. त्याच कंपनीत मी ॲडमिन बघतो. व्हिसा, मेडिकल, लीव्ह. कोणाला सुट्टी द्यायची आणि कोणाला नाही, एवढ्यापुरता मोठा माणूस.

नाझिश त्याची एकुलती एक मुलगी. इथल्या एका खासगी कॉलेजात पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं असतं आणि वर्ष संपताना फॉर्मवर खूण करायची असते, मेडिसिन किंवा हॉस्पिटल मॅनेजमेंट. जैनुद्दीनने ती खूण मनात कधीच करून टाकली होती. पोरीचं मात्र ठरत नव्हतं. एकदा लिफ्टमध्ये मला म्हणाली, "अंकल, हे मला आवडतंय की पप्पांना, तेच कळत नाही."

"कळेल, डॉक्टर, कळेल," मी म्हणालो. झालं. लिफ्टच्या दाराशी उभ्या जैनुद्दीनने तेवढंच ऐकलं आणि त्या दिवसापासून घरात तिला दुसरं नाव राहिलं नाही.

त्याच महिन्यात तो ब्लड प्रेशर मोजायचं मशीन घेऊन आला. शुक्रवारी नमाजनंतर कंपनीच्या हिद्दमधल्या लेबर कॅम्पातले पाच-सहा गाववाले त्याच्याकडे जेवायला येतात. ताहेरावहिनींच्या हातचं सुरमईचं सालन खायला माझ्यासारखा पुण्याचा ब्राह्मणही बायकोची नजर चुकवून वर जातो. जेवण झालं की मंडळी बाही वर सारून सोफ्यावर ओळीने बसायला लागली. नाझिश पट्टा बांधायची, आकडा वाचायची, वहीत लिहायची. मीही हात पुढे करायचो.

ही नुसती गंमत नव्हती, हे मला ठाऊक होतं. ही माणसं डॉक्टरकडे जायला भितात. काही निघालं तर कंपनीला कळेल, व्हिसा पुढे वाढणार नाही, अशी धास्ती. कंपनी म्हणजे मी. त्यामुळे आपल्या भाषेत बोलणारी, कुठल्याही फाईलमध्ये नोंद न करणारी ही घरची डॉक्टर त्यांना फार सोयीची होती. आणि खरं सांगायचं तर मलाही.

हळूहळू पोरीला त्यात रस वाटू लागला. दोघांना मीठ कमी करायला लावलं. एकाचा आकडा दोनशेच्या घरात गेला, तर जैनुद्दीनच्या मागे लागून त्याला हॉस्पिटलात धाडलं. त्या दिवशी जिन्यात मला गाठून म्हणाली, "अंकल, आय थिंक मला हेच करायचंय. पप्पांसाठी नाही." चेहरा नुसता फुलला होता तिचा. मला फार बरं वाटलं.

मार्चमधल्या एका शुक्रवारी हमीद बसला. हमीद आमचा ट्रेलर ड्रायव्हर, बावन्न वर्षांचा, गप्प स्वभावाचा. आकडा आला एकशे अठ्ठावीस, चौऱ्याऐंशी.

"नॉर्मल आहे, चाचा."

"हात जरा भरून येतो गो," हमीद म्हणाला. "डावा. इथून इथपर्यंत. चढलो की जास्त."

"ट्रेलरचं स्टिअरिंग ओढून ओढून हमीदभाईचा हात लांब झालाय," मी म्हणालो. सगळे हसले. नाझिशही हसली. "मसल पेन असेल, चाचा. जेल लावून बघा," म्हणाली आणि पट्टा पुढच्या माणसाला बांधला.

रविवारी सकाळी हमीद माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. "साहेब, दोन तास सोडता काय? हेल्थ सेंटरला जाऊन येतो."

त्या दिवशी बंदरातून अकरा कंटेनर उचलायचे होते. "नाझिशने बघितलं ना तुला? नॉर्मल म्हणाली ना?"

"म्हणाली."

"मग? आजचं आटप. मंगळवारी जा आरामात."

"बरं, साहेब." एवढं बोलून तो गेला.

सोमवारी दुपारी बंदराच्या गेटवर, ट्रेलरच्या रांगेत, हमीद स्टिअरिंगवर डोकं टेकून गेला. रांग पुढे सरकली तरी हा हलेना, म्हणून मागच्याने हॉर्न मारले. बराच वेळ मारत होता म्हणे. मृतदेह पाठवायचे कागद मीच केले, चार दिवसांत. सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

पुढच्या शुक्रवारी गावाहून हमीदच्या बायकोचा, उमैमाचा फोन आला. ताहेरावहिनींनी स्पीकर लावला. "मी रोज सांगत होते, दाखवा, दाखवा. तर म्हणाले, दाखवलंय, डॉक्टर नॉर्मल म्हणाली." नाझिश दारात उभी होती.

तिला कोणीच बोल लावला नाही. जेवणं झाली आणि मंडळींनी नेहमीसारख्या बाह्या वर सारल्या. नाझिशने मशीन उचललं, आत गेली आणि दार लावून घेतलं. जैनुद्दीन दारावर हात मारत राहिला, "अगो, अल्लाची मर्जी होती. तुझा काय गुन्हा हाय त्यात?"

फॉर्म भरायचा म्हटलं की जैनुद्दीन मुलीला माझ्याकडे पाठवतो. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, ती आमच्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसली. सगळा फॉर्म भरलेला, दोन चौकोन तेवढे कोरे. बारीक झाली होती. पेन हातात धरून तिने विचारलं, "अंकल, एक विचारू? हमीद चाचांनी तुमच्याकडे लीव्ह मागितली होती का? हॉस्पिटलला जायला?"

"का गं?"

"मागितली असेल तर... म्हणजे मी सांगूनही त्यांना वाटलं असेल की दाखवायला हवं. मग सगळं माझ्यामुळेच झालं नाही ना. आय जस्ट वॉन्ट टु नो. मला मेडिसिनच घ्यायचंय, अंकल. पण माझ्या एका शब्दावर माणूस गेला असेल तर मी कशी घेऊ?"

माझी बायको शुभदा आत चहा करत होती. तिलाही मी काही सांगितलं नव्हतं. या पोरीला फक्त एक 'हो' हवा होता. तो माझ्या तोंडाशी आला होता, हे मी शपथेवर सांगतो. पण त्या 'हो'नंतर ती विचारणार होती, मग तुम्ही काय म्हणालात?

"नाही," मी म्हणालो. "तुझ्यावर त्याचा पूर्ण विश्वास होता."

तिने मान हलवली. दुसऱ्या चौकोनात, हॉस्पिटल मॅनेजमेंटसमोर, खूण केली, सही केली आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. "स्पेलिंग बघाल ना, अंकल?"

मी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून तपासू लागलो.