चौथं खोकं

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात खुर्चीवर बसून त्यांच्यावरच चिडलेली होते. साडेनऊ वाजून गेले होते आणि मामांचा पत्ता नव्हता. नऊच्या ठोक्याला येणारा माणूस आज कुठं राहिला, असं पुटपुटत मी फोन उचलला, तर पलीकडं त्यांची मुलगी सुजाता. "ताई, पप्पा पहाटे गेले..." एवढंच बोलली. मी वेड्यासारखं विचारलं, "कुठं गेले?" सहा आठवडे झाले, तो प्रश्न अजून माझ्या कानात आहे.

भास्करमामा शेंद्र्याचे. नात्यानं माझे कुणी नव्हेत, ऑफिसात सगळेच त्यांना मामा म्हणायचे. दहावी झालेले. एका कारखान्यात वीस वर्षं माल खोक्यात भरून पाठवायच्या विभागात होते. कारखान्यानं गाशा गुंडाळला तेव्हा वय बेचाळीस. त्या वयात लोक देवळाच्या पारावर बसायला शिकतात, हे गृहस्थ कोड लिहायला शिकले. आमच्या छोट्या कंपनीत आले ते कागदपत्रं सांभाळायला, आणि दोन वर्षांत माझ्या शेजारच्या टेबलावर बसले. मी इंजिनीअर, तोंडाची फटकळ, त्यात शहरातली. पहिले काही महिने मी त्यांना काडीची किंमत दिली नाही, हे कबूल करते.

आमचं काम लसींच्या फ्रिजचं. गावोगावच्या उपकेंद्रात लसी ठेवतात, तो फ्रिज तापला की टॅबवर भोंगा वाजायला हवा. त्यासाठी लिहिलेला सगळा कोड गोळा करून बांधून देणारं एक बिल्ड टूल असतं. काय बांधायचं, किती फायली करायच्या, हे त्याला एका कॉन्फिग फायलीत सांगावं लागतं. आम्ही सगळं एकाच अवजड फायलीत कोंबून पाठवायचो. गावात रेंज नाही, उपकेंद्रातल्या सिस्टर बिचाऱ्या ती फाईल उतरेपर्यंत अर्धा दिवस टॅब हातात घेऊन बसायच्या. मामा म्हणाले, "सगळ्यांला एकच खोकं कशाला? ज्याचं त्याला द्या की." म्हणजे सिस्टरच्या टॅबची फाईल वेगळी, डॉक्टरांची वेगळी, फ्रिजवरच्या यंत्राची वेगळी, आणि काही उपकेंद्रांत अजून चालणाऱ्या जुनाट टॅबची चौथी. मी म्हटलं, करा तुम्हीच. टोमणाच होता तो. त्यांनी तो कामाचा हुकूम समजून घेतला.

तीन आठवडे ते त्या टूलशी झटत होते. चार फायली मागितल्या की बाहेर एकच यायची. बाकीच्या तीन जायच्या कुठं? मलाही कळेना, आणि कळत नाही हे सांगायला माझी जीभ रेटेना. एका दुपारी डबा खाता खाता मामा थबकले. "मुक्ता, आपण चारी खोक्यांला एकच लेबल लावलंय बघ. एकावर एक ठेवायलंय ते येडं." खरंच तसं होतं. चारही फायलींना एकच नाव, म्हणून प्रत्येक नवी फाईल आधीचीला पुसून तिच्या जागी बसत होती. नावं वेगळी दिली आणि चार फायली चार घरच्या पाहुण्यांसारख्या ओळीनं बाहेर आल्या. इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण इतकं स्वच्छ डोकं मी दुसरं पाहिलं नाही.

आता जे लिहायचं आहे, त्यासाठीच खरं तर हा लेख. सुजाताच्या लग्नासाठी मामा सुटीवर होते आणि नवी आवृत्ती पाठवायचं काम माझ्याकडं होतं. मी कॉन्फिग उघडली. चौथी फाईल बघून म्हटलं, हे जुनं टॅब आता कोण वापरतंय, उगाच अडगळ. उडवली. टूलनं हूं की चूं केलं नाही. त्याच रात्री बिडकीनच्या पुढच्या एका उपकेंद्रात वीज नव्हती, फ्रिज तापला आणि भोंगा वाजलाच नाही; तिथला टॅब जुनाच, त्यावरची आधीची फाईल पुसली गेली होती आणि नवी आलीच नव्हती. तिथल्या सिस्टर सवयीनं सकाळी थर्मामीटर बघायच्या, म्हणून लसी वेळेत बर्फाच्या पेटीत गेल्या. नाहीतर... तो विचार आजही पुढं जाऊ देत नाही मी.

मामा मांडवातून उठून आले. शर्टाच्या बाहीवर हळद तशीच. कंपनी चालवणाऱ्या आमच्या सरांनी विचारलं, चौथी फाईल कुणी काढली? मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "सुटीवर जाताना माझ्याकडनंच राहिली, साहेब." आणि मी, एरवी कुणाचं ऐकून न घेणारी, गप्प बसले. जिन्यात त्यांना गाठून म्हटलं, मामा, असं का केलंत? म्हणाले, "तू परत नाय चुकणार. मग बोंब कशाला?" पुन्हा त्यांनी तो विषय कधीच काढला नाही.

त्यानंतर त्यांनी टूललाच शिकवलं. चारातली एक जरी फाईल नसली तरी गठ्ठा बांधायचा नाही, आणि बांधण्याआधी विचारायचं: जुन्या टॅबवर कुणी उघडून पाहिलं? तिथं नाव लिहावं लागतं. शिवाय कारखान्यातली रीत त्यांनी इथंही आणली. खोकं बंद करण्याआधी एकानं यादी वाचायची, दुसऱ्यानं वस्तूला हात लावून "हाय" म्हणायचं. यादी मामा वाचायचे, हाय मी म्हणायचे. टूलपुढं नाव मात्र दर वेळी मामा स्वतःचंच लिहायचे. ती कॉन्फिग मी पुन्हा उघडली नाही. धीरच झाला नाही.

गेल्या आठवड्यात उघडावी लागली. मामांनंतरची पहिली आवृत्ती होती. चौथ्या फायलीच्या वर त्यांनी मराठीत टीप लिहून ठेवली होती, तारीख लग्नाच्याच आठवड्यातली. "ही फाईल काढू नये. का ते मुक्ताला विचारा. तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नाही."

माझ्या चुकीचं या माणसानं काय करून ठेवलं होतं! मला रडू आवरेना. तशीच उठले आणि सरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. सर खुर्चीतून उठले. मग माझ्या टेबलाशी येऊन मामांची खुर्ची ओढून बसले, मामा तपासायला वापरायचे तो कोपरा फुटलेला जुना टॅब त्यांच्या खणातून काढला आणि म्हणाले, "वाच."

मी वाचलं. सिस्टरची? "हाय." डॉक्टरांची? "हाय." यंत्राची? "हाय." चौथी...

टॅब म्हातारा, उघडायला चार-पाच मिनिटं घेतो. आम्ही दोघं त्याच्याकडं बघत बसलो. शेवटी पडदा उजळला, चाचणीचा भोंगा वाजला आणि सर म्हणाले, "हाय." टूलनं विचारलं, कुणी उघडून पाहिलं? मी माझं नाव लिहिलं.