जाळीला ताडपत्री बांधणारी सुतळी

रविवार, २ फेब्रुवारी २०२५, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे. साखरा गावातील आमच्या घराच्या अंगणात माझी थोरली बहीण गोवऱ्या रचत होती. चहासाठी घरात गॅस आहे. मी कारण विचारले.

"डाग देणारा येऊन राहिला नऊ वाजता," ती म्हणाली. "पोरीचे डोळे आठ दिवस झाले पिवळे हायेत. तुला दिसत न्हाई का?"

मला दिसत होते. पोरगी म्हणजे माझी नात, वय अकरा. तिला ताप येऊन गेला आणि मागोमाग डोळे पिवळे झाले. मुलगा मालवाहू ट्रकवर असतो; तो परराज्यात होता. सून आणि बहीण यांनी परस्पर ठरवले की ही कावीळ आहे. कावीळ हटली नाही की आमच्याकडे दंडावर तापल्या लोखंडाचा डाग देतात. मला कोणी विचारले नव्हते. मी न विचारताच उत्तर दिले: डाग दिला जाणार नाही.

"तुला दिला तवाच तू वाचलास," बहीण म्हणाली. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, मी एकाहत्तर. मी सहा वर्षांचा असताना मला दोन्ही दंडांवर डाग दिले गेले. त्या वेळी माझे पाय तिने धरले होते.

माझे डोळे त्यानंतरही पिवळेच राहिले. बावन्नाव्या वर्षी पित्ताशयात खडे निघाले. नांदेडला शस्त्रक्रिया झाली, तेव्हा डॉक्टरांनी माझे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि मला बोलावून घेतले. त्यांनी सांगितले ते असे. रक्तातील तांबड्या पेशीच्या आवरणाला आतून प्रथिनांच्या धाग्यांची जाळी असते. या जाळीमुळे पेशी दबते, वाकते आणि पुन्हा मूळ आकारावर येते. जाळी आवरणाला जागोजागी जोडलेली असते आणि हे जोड वेगळ्या प्रथिनांचे असतात. आमच्या घराण्यात हे जोड जन्मतः कच्चे आहेत. जोड नसलेल्या जागी आवरणाचे बारीक तुकडे गळून जातात. आवरण घटते, आतला ऐवज तेवढाच राहतो, आणि चपटी पेशी गोळा होऊन बसते. प्लीहा हा अवयव रक्त गाळतो; त्याच्या अरुंद फटींतून गोळा निघत नाही. तिथेच त्याचा नाश होतो. मोडलेल्या पेशींतून सुटणारा पिवळा रंग डोळ्यांत दिसतो. यकृताचा यात दोष नाही.

मी तीस वर्षे विज्ञान शिकवले. फळ्यावर पेशी काढताना आवरण म्हणून एक रेघ ओढत असे. ती रेघ आतून कशाला बांधलेली आहे, हे कोणत्याही विद्यार्थ्याने विचारले नाही. मलाही सुचले नाही. नातीची तपासणी करून घे, असे मुलाला मी दोनदा सांगितले होते. पुढे लग्नाच्या वेळी पोरीच्या नावाला बट्टा लागेल म्हणून तो टाळत राहिला आणि मी तिसऱ्यांदा सांगितले नाही. ती चूक माझी.

बहिणीचा मेंढ्यांचा कळप तेव्हा खतासाठी आमच्याच शेतात बसवला होता. मेंढ्यांभोवती जाळी उभारतात. थंडीत कोकरांसाठी तिला बाहेरून ताडपत्री बांधतात. ती ताडपत्री वाऱ्याने फाटून कुंपणात अडकली होती. मी बहिणीला तिथे घेऊन गेलो.

"जाळी तुटली का?" मी विचारले.

"जाळीला काय होतंय. चांगली हाय."

"ताडपत्री जुनी आहे?"

"दिवाळीला तर घेतली. सुतळी सडली, म्हून फडफडली अन् फाटली. हे काहून इचारून राहिलास?"

"पोरीच्या रक्तात हेच झाले आहे. जाळी आहे, ताडपत्री आहे, सुतळी कच्ची आहे."

तिने फाटलेली ताडपत्री कुंपणातून सोडवली.

"मंग सुतळी बदल की."

"ती बदलता येत नाही. जन्माची आहे."

"मंग तुझ्या मास्तरकीचा उपेग काय?"

"एवढाच, की डाग देऊनही ती बदलत नाही."

"म्हंजी मी तुझे पाय उगंच धरले व्हय?" तिने विचारले.

मी हो म्हणालो. खोटे बोलून तिचे समाधान करता आले असते. पण मग नऊ वाजता नातीचे पाय धरले गेले असते.

डाग देणारा वेळेवर आला. माणूस पन्नाशीचा, स्वच्छ कपड्यांतला. तो पैसे घेत नाही, फक्त नारळ घेतो. म्हणून त्याच्यावर लोकांचा विश्वास आहे. त्याने सळई काढली. नात सुनेच्या पदराआड गेली. मी खुर्ची मध्ये ओढली, सदरा काढला आणि बसलो.

"आधी मला द्या," मी म्हणालो. "माझेही डोळे पिवळे आहेत. पंधरा दिवसांत पांढरे झाले तर मुलगी तुमच्या स्वाधीन करतो."

"गुर्जी, म्हाताऱ्या कातड्याला गुण येत न्हाई."

"सहाव्या वर्षी हे कातडे कोवळे होते. हे पाहा."

त्याने दोन्ही दंड पाहिले. मग डोळे पाहिले.

"कोणी दिलेत हे? जागा चुकली त्याची."

"मग बरोबर जागी तुम्ही द्या. मी उठत नाही."

"पोरीला दाखवायला बोलावलं का माझी परीक्षा घ्यायला?" त्याने बहिणीला विचारले.

बहीण घरात गेली, नारळ आणून त्याच्या हातात ठेवला आणि गोवऱ्यांवर तांब्याभर पाणी ओतले. तो गेला. बहीण काठी घेऊन कळपाकडे निघाली. दुपारी तिकडे पाठवलेले माझ्या घरचे जेवण तिने परत पाठवले.

संध्याकाळी मी शाळेसाठी अर्ज लिहायला बसलो: सोमवारी मुलीला हिंगोलीला नेत आहे, मंगळवारपासून ती हजर राहील. कारणाच्या ओळीकडे सुनेने मान वाकवून पाहिले.

"मामा, नुसतं ताप लिवा ना. गावात फिरंल ते."

"ताप गेला आहे."

मी लिहिले: आनुवंशिक रक्तदोषाची तपासणी, हा दोष आजोबांकडून आलेला आहे. खाली सही केली. सव्वासहा वाजता तो अर्ज वर्गशिक्षकांच्या घरी नेऊन दिला आणि दुसऱ्या प्रतीवर त्यांची पोच घेतली.