वाडीवरची दुसरी पंगत

नाशिकहून एसटी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत नाचणीच्या भाकऱ्या होत्या, भाजलेले चणे होते आणि मोजून खायची माझी वाटी होती. परतल्यावर रक्त तपासायचं होतं. साखर उतरली नसेल तर गोळ्या सुरू, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. या गोळ्या सुरू झाल्या की पुढे वाढतच जातात, हे मी सासूबाईंचं जवळून पाहिलंय. मला त्या नको होत्या. आणि मी निघाले होते कुठे, तर वसईला, नणंदेकडे. तिच्या सासरच्यांना जेवून उठलेला पाहुणाही उपाशीच दिसतो.

वसईत माणिकपूरला उतरून रिक्षात बसले. रिक्षावाल्याचं पोट हँडलला टेकलेलं. माझी पिशवी पाहून म्हणाला, "मॅडम, डबा घेऊन पाहुण्यांकडे?"

"शुगर आहे."

"मला पण सांगितलंय. भात सोडला मी."

"अगदी?"

"रात्रीचा. दुपारचा चालू आहे. आणि सकाळी पाव. दिवसभर बसूनच असतो ना, काहीतरी पाहिजे!"

इतक्या आनंदी माणसाला सल्ला देववेना.

सुनंदा, माझी नणंद, बँकेत काउंटरला बसते. नवरा घरीच संगणकापुढे बसतो, मुलगी अभ्यासाला बसते. उभा असा त्या फ्लॅटमध्ये फक्त फ्रीज. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणून सगळे वाडीवर (केळी-नारळांच्या बागेत, जिथे तिचे दीर-जाऊ राहतात) निघालो. वाटेत वसईच्या बाजारात कोळंबी घेतली. सुनंदा घेतच राहिली. "अगं, कोण खाणार?" विचारलं तर म्हणाली, "वहिनी, कमी पडलं तर जाऊबाईंची मान खाली जाते."

वाडीत शिरल्यावर ऊन एकदम मऊ झालं. केळीचे लोंगर (घड) बांबूचे टेकू घेऊन उभे होते, पाटातून पाणी चाललं होतं, ओल्या मातीचा आणि मोगऱ्याचा वास येत होता. अंगणात सुकेळी (राजेळी केळी वाळवून केलेला मेवा) पसरली होती. मी तिकडे पाठ करून उभी राहिले.

सुनंदाच्या जाऊबाई, मंदावहिनी, चुलीशी होत्या. दुपारपर्यंत तयार झालं ते असं: तांदळाच्या भाकऱ्यांची चळत, वालाची उसळ, कोळंबीचं कालवण (रस्सा) आणि भाताचा टोप, ज्यात लहान मूल आंघोळ करेल.

पहिल्या पंगतीला पुरुष आणि मुलं बसली. आग्रहाचा मारा बघून मी ठरवलं, आपण बायकांबरोबर मागून बसू. वाढणारं कुणी नसेल, हवं तेवढंच घेऊ. स्वतःच्या हुशारीवर मी भलतीच खूश होते.

दुसऱ्या पंगतीला आम्ही तिघी बसलो आणि भांडीच मध्ये आली. वाटीने मोजून भात घेतला, खाल्ला, उठायला गेले.

"बसा," मंदावहिनी म्हणाल्या. "टोप कोण संपवणार?"

"फ्रीजमध्ये ठेवा ना."

"भात? रात्री ताजा लावायचाय की!"

त्यांच्याकडे दुसऱ्या पंगतीने भांडी रिकामी करूनच उठायचं असतं. त्यांनी माझ्या ताटात भाताचा डोंगर ओतला.

"पूर्वीही हे सगळं तुम्हीच खायचात?" मी विचारलं.

"छे! पूर्वी पाणी लावणारी, खणणारी माणसं जेवायला असायची. उरलेलं गुरांना. आता मोटर बटनावर चालते, माणसं कंपनीत जातात, गुरं विकली."

"आणि भात?"

"भात तेवढाच."

सुनंदाचा घास हवेतच थांबला. "म्हणजे गुरं आता आपण?"

मंदावहिनींनी गंभीरपणे मान वर केली आणि हंबरल्या. हुबेहूब! मग काय, सुनंदा हंबरली, मी हंबरले, माझ्या नाकात भात गेला. पुरुष धावत आले. सुनंदाचे दीर दारातून विचारतायत, "काय झालं?" आणि त्यांची बायको उत्तरादाखल पुन्हा हंबरतेय!

हसता हसताच मला माझ्या घरचा ओटा दिसला. ताटात मी वाटीने मोजते आणि नंतर उभ्या उभ्या पातेली पुसते. मुलाची अर्धी पोळी, तळाची आमटी, चार घास भात. ते मी जेवणात धरतच नव्हते.

संध्याकाळी मी फडताळातला सगळ्यात लहान टोप काढला. मंदावहिनींनी छातीला हात लावला. "एवढ्यात? आणि कुणी आलं तर?"

"आलं तर परत लावू. कुकर आहे."

दिवेलागणीला नेमके शेजारचे काका-काकू आले. टोपात तळ दिसत होता. मंदावहिनींचा चेहरा पडला. त्या माझ्याकडे असं बघायला लागल्या की मी एसटीचं वेळापत्रक आठवायला लागले. शेवटी त्याच कशाबशा म्हणाल्या, "काकी, भात... थोडा कमीच आहे."

"खरंच?" काकू पाटावर टेकल्या. "अगं, देव पावला! डॉक्टरनी रात्रीचा भात बंद केलाय. पण तुझ्याकडे नको म्हणायची सोय आहे का?"

अर्धी अर्धी भाकरी आणि उसळ खाऊन सगळे उठले. भांडी रिकामीच होती. पदराला हात पुसत मंदावहिनी म्हणाल्या, "बाई! लवकर आटपलं की आज." आणि कितीतरी दिवसांनी म्हणे, अंगणात चालायला गेल्या.

परतल्यावर मी घरातलं मोठं पातेलं माळ्यावर टाकलं आणि मग काही आठवड्यांनी, धीर गोळा करून, तपासणीला गेले. साखर थोडी उतरली होती. डॉक्टर म्हणाले, गोळ्या तूर्त नकोत, असंच चालू ठेवा.

त्या रात्री आम्ही सगळे एकदमच जेवायला बसलो. नवऱ्याने दुसऱ्यांदा भाताला हात घातला आणि डाव रिकाम्या पातेल्यात वाजला.

"संपला?" बँक बुडाल्यासारखा चेहरा करून त्यांनी विचारलं.

इतकी वर्षं या प्रश्नावर मी खजील होऊन उठत आले, दुसरं काहीतरी करायला.

"संपला," मी बसल्या जागेवरून म्हटलं आणि शेवटचा घास चवीने खाल्ला.