हिंमतरावांच्या नावाची पाटी

मुरुमच्या रस्त्यावरच्या बंद सूतगिरणीत विद्यापीठाचं ग्रंथालय होणार, हे ऐकून जाईबाईंना बरंच वाटलं होतं. त्यांनी वाढवलेल्या पौर्णिमाला तिथं कंत्राटावर कामही लागलं. पण दारावर 'हिंमतराव ग्रंथालय' अशी पाटी लागणार हे कळलं आणि त्यांच्या अंगाची लाहीलाही झाली.

हिंमतराव गिरणीचे चेअरमन. कापूस चोरीला जातो म्हणून कामाची पाळी सुरू झाली की मागच्या दाराला बाहेरून कुलूप घालायचं, हा हुकूम त्यांचा. पौर्णिमा लहान असताना एका दुपारी कापूस पेटला. कामावरच्या बाया मागच्या दाराकडं पळाल्या. त्यांच्यातल्याच जाईबाई धुरातून सरपटत पुढच्या दारानं निघाल्या. त्यांची धाकटी जाऊ गुलाब, पौर्णिमाची आई, आतच राहिली. चौकशीत ठपका आला तो बायांच्या हलगर्जीपणावर.

"मोठीमाय, उद्घाटनाला येऊ नका," पौर्णिमानं हात जोडले. "माझी नोकरी जाईल."

"तुझी माय गेली, ते?"

पौर्णिमा रागानं उठून गेली.

उद्घाटनाला जाईबाई पाटीखालीच जाऊन बसल्या. हिंमतरावांचा मुलगा शिवशंकर पुढं झाला; ग्रंथालयातल्या माणसांचं कंत्राट त्याचंच. "मावशी, उठा. पाहुणे खोळंबलेत."

"मावशी कुणाची रं? तुझा बाप कुलपाची किल्ली खिशात घालून जेवाया गेला व्हता!"

"कसलं कुलूप? डोकं फिरलंय हिचं. उचला."

दोघा रखवालदारांनी त्यांना दंडाला धरून ओढलं. पदर फाटला. फुलांचं ताट घेऊन उभी असलेली पौर्णिमा इतका वेळ खाली बघत होती. तिनं ताट टेबलावर आदळलं.

"हात काढा! माझी आई त्याच दारापाशी सापडली. कसलं कुलूप ते मला विचारा."

प्रमुख पाहुणे पाटीवरच्या पडद्याची दोरी न ओढताच गाडीत बसले. शिवशंकर जाता जाता पौर्णिमाला म्हणाला, "उद्यापासून येऊ नको."

पुढच्या आठवड्यात पडदा गुपचूप काढला गेला. पाटी अजून आहे. पौर्णिमा आता उमरग्याला एका अभ्यासिकेत काम करते. शिवशंकरच्या माणसांनी जाईबाईंना आपल्या शेतातल्या कामाला बोलावणं बंद केलं. जाईबाई शिवशंकरच्या बांधावरूनच मान वर करून जातात, आणि तिथल्या कुणी राम राम घातला तरी ओ देत नाहीत.