सायकलीला तीट

दोन सायकली चोरीला गेल्या, म्हणून तिसरी घेतली ती घरी आणल्याबरोबर मी कुरूप करून टाकली. दांडीला जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या, सीटला फाटकी पिशवी बांधली आणि उरल्यासुरल्या जागी ग्रीस नि माती फासली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आता तरी नवी घ्या हो!" तेव्हा मला अगदी कृतार्थ वाटलं.

स्टेशनच्या स्टँडवर ती सुखरूप राहू लागली. पण खंडेनवमीला मी आंघोळ करून बाहेर येतो तो काय! बायकोनं ते सगळं सोडवून, रॉकेलनं घासूनपुसून तिला हळदकुंकू वाहिलं होतं, वर झेंडूचा हार.

"अगं, आज चोर नेणार हिला!"

"नेऊ दे. पूजा का असल्या अवतारात करायची?"

ऑफिसात दिवसभर जीव त्या स्टँडवर टांगलेला. वाटलं, बाळाच्या गालाला आपण तीट लावतो तीही जपण्यासाठीच की. पण ज्याच्यावर जीव असतो ते कायम झाकून ठेवणं तरी कुणाला जमतं? एखाद्या सणाला हात आवरत नाही.

संध्याकाळी धावत स्टँडवर पोचलो, तर सगळ्याच सायकली लख्ख आणि सगळ्यांनाच हार. त्यांत माझी दिसली. हुश्श करून किल्ली लावली, तर फिरेना.

"ओ काका, माझी आहे ती," मागून एक बाई कडाडल्या. "तुमची पलीकडे असेल!"

पलीकडे होती. चोर म्हणून पकडलं गेल्यावर इतकं हलकं वाटतं, हे मला ठाऊक नव्हतं.