सुहासदादाची वही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? कोण जाणे.

मी देवासला गिटार शिकवतो. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतलं जुनं ब्लूज, एकट्याने वाजवायचं — अंगठा जाड तारांवर ताल धरतो, बोटं बारीक तारांवर गाणं म्हणतात. इथे हे वाजवणारा मी एकटाच. कुठे शिकलात, असं लोक विचारतात. आणि मी — थांबा, आधी दादाचं सांगतो.

सुहासदादा माझा मावसभाऊ, धारला मास्तर. खरखरणाऱ्या जुन्या रेकॉर्डी कॉम्प्युटरवर लावून एकेक ओळ शंभरदा ऐकायचा आणि गिटारवर बसवायचा. आमच्या घरात सगळे पेटीवर शिकलेले, म्हणून त्याने ते सगळं ब्लूज वहीत सारेगममध्ये उतरवलं. अंगठा पडेल तिथे खाली फुली. हसू येतं ना? पण काम पक्कं होतं. दर रविवारी मी बसने धारला जायचो आणि तो माझा अंगठा धरून बसायचा. चार वर्षं.

मग इंदूरला माझा कार्यक्रम झाला. दादा तिसऱ्या रांगेत, इस्त्रीचा कुर्ता घालून. निवेदिकेने गुरू कोण विचारलं. मी माईकवर म्हणालो — गुरू कुणी नाही, रेकॉर्डी ऐकून स्वतःच बसवलं.

का म्हणालो? भांडण नव्हतं, काही नव्हतं. एकट्याने बसवलं म्हटलं की भारी वाटतं, बस्स. टाळ्यांत दादाच्याही टाळ्या होत्या. नंतर भेटून म्हणाला, "मस्त वाजवलंस भिया." त्यानंतर त्याने गिटार हातात धरली नाही. मीही धारला जाणं सोडलं. वही माझ्याकडेच होती. ती माझ्या अक्षरात उतरवून घेतली आणि मूळची रद्दीत घातली. हो, मीच.

तेव्हा तीन वर्षांची असलेली दादाची मुलगी यंदा इथे कॉलेजला आली. माझ्याकडेच शिकते. अंगठा असा पक्का, की बघत राहावं. गेल्या आठवड्यात म्हणाली, "काका, घरी वाजवलं तर बाबा उठून आतच गेले. उनको भी कभी आता था क्या?"

मी गिटारची खुंटी पिळत होतो. म्हणालो, "नाही गं. त्याला कुठलं येतंय."

"अच्छा," म्हणाली, आणि वाजवायला लागली. मी ताल देत बसलो.